टँकमध्ये औषध ओतण्याआधी चार रात्री टॉर्च घेऊन बसा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: निपाणीच्या एका वाचकांनी लिहिले आहे. घरात तंबाखूचा पिढीजात व्यापार आहे आणि तीन वर्षांपासून त्यांनी सुमारे 300 लिटरचा खाऱ्या पाण्याचा प्रवाळांचा टँक सांभाळला आहे. हा छंद त्यांना बेळगावच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी शिकवला. वाचक त्यांना काका म्हणतात. गणेशोत्सवात काकांनी झोआंनी (बटणांएवढ्या, फुलासारख्या उमलणाऱ्या मऊ प्रवाळांनी) भरलेला एक दगड भेट दिला. दसऱ्यानंतर झोआ मिटू लागले आणि दिवाळीपर्यंत निम्मी वसाहत गेली. त्याच टँकमधले मशरूम आणि लेदर प्रवाळ मात्र पूर्वीसारखेच उमललेले आहेत, मासे नीट खातात आणि कोळंबीने नुकतीच कात टाकली आहे. रात्री मरत्या झोआंवर ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री किडे) दिसले म्हणून वाचकांनी वीसेक वर्म काढून मारले, तरी नुकसान थांबलेले नाही. थोरले बंधू तंबाखूचे पाणी वापरायला सांगतात. घरात लहान मूल आहे म्हणून पत्नी टँक बंद करायला सांगते. स्वतः वाचकांच्या मनात सगळे काढून मालवणच्या किनाऱ्यावरून नवे दगड आणण्याचा विचार आहे. ‘एकदाच टँकमध्ये टाकले की सगळी कीड मरेल, असे औषध कोणते? कीड काकांच्या दगडातून आली असावी, पण हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?’ असे ते विचारतात. मध्यंतरी आपल्याकडच्या झोआंचे तुकडे कोल्हापूरच्या एका मित्राला आणि खानापूरच्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाला दिल्याचा उल्लेखही पत्रात ओघाने आला आहे.

तुम्ही मारलेल्या वीस ब्रिसल वर्मपासून सुरुवात करते, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथेच झाला आहे. आपल्याकडच्या टँकमध्ये लाइव्ह रॉकबरोबर, म्हणजे सूक्ष्म जीवांनी भरलेल्या समुद्री दगडाबरोबर, येणारे बहुतेक ब्रिसल वर्म उरलेसुरले अन्न, माशांची विष्ठा आणि मेलेले मांस खाऊन जगतात. झोआचा एखादा पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एक सुटा जीव, मरायला लागला की त्याचा वास पाण्यात पसरतो आणि हे वर्म रात्री तिथे गोळा होतात. ते तुम्हाला मरत्या झोआंवर दिसले हे खरे, पण ते मारायला आले नव्हते, साफ करायला आले होते. प्रवाळ खाणारा एक फायरवर्म आहे. त्याचे नाव हर्मोडिसे कारुनक्युलाटा, आणि तो अटलांटिक व भूमध्य समुद्रातला आहे. आपल्याकडच्या टँकमध्ये तो येण्याची शक्यता फार कमी. तुम्ही वर्णन केलेले बोटभर लांबीचे गुलाबी-तपकिरी वर्म ते नव्हेत. त्यांना काढल्याने टँकची सफाई थोडी कमी झाली, झोआ खाणारा जीव मात्र तसाच राहिला. उरलेल्यांना राहू द्या, आणि कधी काढावे लागलेच तर चिमट्याने काढा, कारण त्यांचे केस कातडीत रुततात आणि दोन दिवस आग करतात.

आता तुमच्याच पत्रातली दुसरी गोष्ट पाहा. मशरूम ठीक, लेदर ठीक, मासे ठीक, आणि कोळंबीने कात टाकली. पाण्याचा खारेपणा वाढला असता, क्षारता (अल्कलिनिटी) घसरली असती किंवा पाण्यात विष उतरले असते, तर एकटे झोआ आजारी पडले नसते. विष असते तर पहिली कोळंबी गेली असती. तुमच्या व्यवसायामुळे मला क्षणभर शंका आली होती की हातावरची तंबाखूची भुकटी पाण्यात जात असावी. कोळंबीने ती शंका दूर केली, तरीही दुकानातून आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय टँकमध्ये हात घालू नका. रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा एकदा मोजा. सापेक्ष घनता 1.025 च्या आसपास असेल तर तो विषय तिथेच संपला. एकाच जातीचे प्रवाळ मिटते आणि शेजारचे फुललेले राहते, तेव्हा फक्त त्याच जातीवर जगणारा भक्षक शोधावा लागतो. असे भक्षक मोजकेच आहेत, ही तुमच्यासाठी चांगली बातमी आहे.

झोआंच्या बाबतीत माझा पहिला संशय न्युडिब्रँकवर, म्हणजे शंख नसलेल्या समुद्री गोगलगाईवर जातो. झोआ खाणारी जात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची असते आणि तिच्या पाठीवर बोटांसारखी अनेक टोके असतात. झोआच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवाल आणि रंग ती खाल्ल्यावर याच टोकांत साठवते. त्यामुळे हिरवे झोआ खाणारी हिरवी दिसते, केशरी खाणारी केशरी, आणि निळ्या दिव्याखाली ती झोआसारखीच चमकतेसुद्धा. माझ्या टँकमध्ये अशी एक गोगलगाय मी आठ दिवस रोज पाहत होते आणि वसाहतीला नवा अंकुर फुटला आहे असे समजून आनंदात होते. नवव्या दिवशी तो अंकुर दुसऱ्या जागी दिसला. म्हणून तुम्ही दिवसा काच निरखून काही सापडले नाही असे लिहिता, त्याचे मला आश्चर्य वाटत नाही.

दुसरा संशयित सनडायल शंख. चपट्या शंकूसारखा, वरून पाहिले तर गोल जिना दिसावा तशी वळणे, आणि त्यांवर पांढऱ्या व काळपट तपकिरी चौकटी. हा दिसायला इतका सुंदर असतो की लोक शोभेचा म्हणून ठेवून घेतात. दिवसा तो झोआंच्या देठांमध्ये बसतो आणि रात्री खातो. तिसरा समुद्री कोळी: धड जवळजवळ नाहीच, नुसते लांब बारीक पाय, आणि सोंड खुपसून पॉलिपचा रस शोषण्याची सवय. छोट्या पांढऱ्या अस्टेरिना तारामाशांवरही लोक आरोप करतात. त्यांतले बहुतेक काचेवरचे शेवाळ खातात; एखादा रोज रात्री उघड्या झोआवरच बसलेला सापडला आणि तो उचलल्यावर खाली खाल्लेली जागा दिसली, तरच त्याला दोषी धरा.

म्हणून औषधाचा विचार करण्याआधी चार रात्री द्या. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधून बसा. मखराच्या सजावटीतला उरलेला असला तरी चालेल. लाल उजेडात हे जीव लगेच लपत नाहीत. झोआंच्या तोंडाकडे न पाहता देठाच्या बुंध्याकडे आणि मिटलेल्या पॉलिपांच्या खालच्या बाजूला पाहा. तिथे पांढरट, पारदर्शक, चकलीच्या वेटोळ्यासारखी रेघ दिसली, तर ती न्युडिब्रँकची अंडी आहेत आणि तुमचे निदान पूर्ण झाले. काही दिसले नाही तर एक दगड बाहेर काढून, टँकचेच पाणी भरलेल्या पांढऱ्या घमेल्यात धरा आणि पिचकारीने देठांच्या फटींतून जोरात पाणी मारा. जे खाली पडेल ते पांढऱ्या तळावर लगेच दिसते. मोबाइलने जवळून फोटो काढून ठेवा, ते पुढे काकांना दाखवायला उपयोगी पडतील.

तुमचा मूळ प्रश्न औषधाचा होता. एकदाच टँकमध्ये टाकून फक्त वाईट जीव मारणारे औषध नाही. न्युडिब्रँकला मारणारी बहुतेक द्रव्ये तुमचे शंख, कोळंबी, वर्म आणि दगडातले हजारो सूक्ष्म जीवही मारतात. ते सगळे एका रात्रीत कुजले की अमोनिया वाढतो आणि मग मासेही जातात. तांब्याची औषधे माशांच्या रोगांसाठी असतात आणि प्रवाळांच्या टँकमध्ये ती कधीच घालू नयेत. प्रवाळाला बाहेर काढून बादलीत औषधी स्नान द्यायचे असते. छंदातले लोक त्याला डिप म्हणतात.

थोरल्या बंधूंची सूचना मी हसण्यावारी नेत नाही. शेतात भाजीवरच्या माव्यासाठी तंबाखूचा काढा आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या फवारला गेला आहे, आणि निकोटिन ज्या मज्जातंतूंच्या ग्राहकांवर काम करते त्यांवरच इमिडाक्लोप्रिड हे बागेतले कीटकनाशकही काम करते. परदेशांतले काही प्रवाळपालक त्याचे डिप वापरतातही. म्हणजे कल्पनेमागे शास्त्र आहे. पण काढ्यात निकोटिन किती उतरले हे तुम्ही मोजू शकत नाही, ते माशांनाही घातक आहे, आणि ओल्या पानांचे काम करणाऱ्यांना मळमळ व चक्कर का येते हे निपाणीच्या घराला मी सांगायला नको. तोच काढा बादलीत घेऊन त्यात हात बुडवून काम करणे तुमच्यासाठीही धोक्याचे आहे. बंधूंना हे असेच समजावून सांगा, त्यांना पटेल.

पत्नीच्या काळजीला मात्र मी तुमच्यापेक्षा अधिक वजन देते. झोआंच्या कुळातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. हवाईतल्या पॅलिथोआतून ते वेगळे केल्याचे 1971 मध्ये प्रसिद्ध झाले. झोआंचा दगड गरम पाण्यात टाकल्यामुळे किंवा उकळल्यामुळे वाफेबरोबर हे विष श्वासात जाऊन घरातली सगळी माणसे रुग्णालयात पोहोचल्याची उदाहरणे जगात नोंदली गेली आहेत. म्हणून पुढचे सारे काम हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा घालून, खिडक्या उघड्या ठेवून, मूल दुसऱ्या खोलीत असताना करा. दगड उकळणे, गरम पाण्याने धुणे, सुक्या दगडावर ब्रश मारणे यांतले काहीही करू नका. बादली, घमेले, चिमटा आणि ब्रश पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. हातावर जखम असेल तर ते काम पुढच्या रविवारी करा. काम करताना किंवा नंतर तोंडाला धातूची चव लागली, श्वास जड झाला, अंगात कणकण आली किंवा डोळा दुखला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि झोआ हाताळल्याचे आवर्जून सांगा. नाहीतर त्यांना ते सुचणार नाही. हे नियम पाळायची घरात तयारी नसेल, तर टँक बंद न करता फक्त झोआ ठेवणे सोडून देणे हाही एक प्रामाणिक मार्ग आहे. मशरूम आणि लेदर तुमच्याकडे उत्तम वाढत आहेत.

नियम पाळायचे ठरले, तर चाळीसेक लिटरची एक साधी काचेची टाकी वेगळी उभी करा. त्यात वाळू नको, दगड नको. एक हीटर, एक छोटा वेव्हमेकर (पाणी हलते ठेवणारा पंप) किंवा हवेचा पंप आणि साधा दिवा पुरतो. पाणी मुख्य टँकमधले भरा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा चांगलाच उतरतो आणि चाळीस लिटर पाणी 300 लिटरपेक्षा फार लवकर गार पडते, म्हणून हीटरवर कंजुषी नको. वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ ठेवा.

झोआंचा प्रत्येक तुकडा मुख्य टँकमधून काढून या टाकीत न्या. नेताना प्रवाळासाठी विकत मिळणारे वनस्पती-तेलांचे किंवा ल्युगोल्स आयोडिनचे डिप बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने आणि वेळेने द्या. जखमेवर लावायचे पोव्हिडोन आयोडिन हे ल्युगोल्स नव्हे, ते वापरू नका. डिपमध्ये पिचकारीने पाणी मारत राहा, म्हणजे गुंगलेले जीव सुटून पडतील. नंतर तुकडा टँकच्या स्वच्छ पाण्यात दोनदा विसळा. डिपचे पाणी टँकमध्ये परत जाऊ देऊ नका आणि अंगणातल्या झाडांनाही घालू नका.

डिपने मोठी गोगलगाय मरते, अंडी मरत नाहीत, आणि इथेच बहुतेक लोक हरतात. पहिल्या डिपनंतर झोआ दोन-तीन दिवसांत सुंदर उमलतात, माणूस खूश होऊन ते परत टँकमध्ये ठेवतो, अंडी फुटतात आणि महिन्याभरात सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते. अंडी पाण्याखाली चिमट्याने किंवा मऊ ब्रशने स्वतःच्या हाताने खरवडून काढावी लागतात. तुकडे प्लगवर, म्हणजे प्रवाळ बसवायच्या छोट्या बैठकीवर, चिकटवलेले असतील तर प्लग बदला, कारण त्याच्या खालच्या बाजूच्या खाचा ही अंड्यांची आवडती जागा आहे. पाणी जितके उबदार तितकी अंडी लवकर फुटतात, म्हणून दर पाच-सहा दिवसांनी डिप द्या. शेवटचा जीव किंवा शेवटचे अंडे दिसल्यापासून पुढे पाच आठवडे मोजा. मध्ये एक जरी सापडले तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करा. सनडायल शंख निघाला तर तुमचे काम बरेच हलके आहे: तो हाताने उचलायचा आणि महिनाभर रात्री पाहत राहायचे.

मुख्य टँक या काळात झोआंशिवाय राहिला पाहिजे, म्हणजे तिथे उरलेल्या गोगलगाई उपाशी मरतील. मी त्यासाठी दोन महिने धरते. अडचण एकच आहे: मोठ्या दगडावर पसरलेले चार-दोन पॉलिप मागे राहिले तर त्यांच्यावर त्या आरामात जगतात. अशा पॉलिपांवर सुपरग्लूचे जेल किंवा प्रवाळासाठी वापरतात ती इपॉक्सीची पुटी दाबून लावा. त्यांना खरवडून काढण्यापेक्षा हे सुरक्षित आहे. पिवळा कोरिस किंवा सहा रेघांचा रास ठेवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. हे मासे लहान गोगलगाई आणि चपटे किडे टिपतात, मदत करतात, पण देठांच्या फटींतली अंडी त्यांना पुरेशी मिळत नाहीत. शिवाय सहा रेघांचा रास मोठा झाल्यावर लहान माशांना छळतो. एकट्या माशावर विसंबून कीड गेली, असे मी अजून पाहिलेले नाही.

ज्या वाचकांकडे झोआंऐवजी कठीण प्रवाळ आहेत त्यांनी हाच क्रम ठेवावा, फक्त शोधण्याची जागा बदलावी. अक्रोपोरावर फिकट गोल चट्टे पडले आणि फांदीच्या बुडाशी, जिवंत मांस संपून उघडा सांगाडा सुरू होतो त्या कडेला, तपकिरी ठिपक्यांसारखी अंडी दिसली, तर तो अक्रोपोरा खाणारा चपटा किडा आहे. त्याला प्रोस्थिओस्टोमम अक्रोपोरे म्हणतात. त्याची अंडी फुटायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून तिथे धीर अधिक लागतो, आणि अंडी असलेला बुडाचा सांगाडा कापून टाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. माँटिपोराची थाळी कडेने पांढरी होत असेल तर ती उलटी करून पाहा. काही मिलिमीटरची पांढरी गोगलगाय तिथे दडलेली असते. तिला फेस्टिला सबओडिओसा हे शास्त्रीय नाव 2020 मध्ये मिळाले, छंदातले लोक मात्र तिला त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होते.

मालवणहून दगड आणण्याचा विचार कृपा करून सोडून द्या. आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाचा सांगाडा असलेला दगड पिशवीत घालून घाट चढणे हा गुन्हा ठरू शकतो. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, किनाऱ्यावरचा ओला दगड म्हणजे आत काय दडले आहे हे माहीत नसलेली पेटी. ज्या संकटातून सुटायचे आहे तेच तुम्ही पुन्हा घरात आणाल. तुमचा तीन वर्षांचा मुरलेला दगड निरोगी आहे, तो टाकायचे काहीच कारण नाही. त्याच न्यायाने, या टँकमधले काहीही कधी समुद्रात किंवा नदीत सोडू नका.

आता काका. कीड त्यांच्या दगडातून आली असे तुम्ही गृहीत धरता. गणपती ते दसरा हा काळ पाहता ते शक्य आहे, पण त्या महिन्या-सव्वा महिन्यात तुम्ही दुसरे काही आणले नव्हते का? शंख, शेवाळ, एखादा फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा तुकडा? समजा, त्यांच्याच दगडातून आली. तरी त्यांनी ती जाणून दिली नाही. त्यांच्या मोठ्या वसाहतीत दहा-वीस पॉलिप मिटलेले असले तर लक्षातही येत नाही. तुम्हाला वाटते की सांगितले तर त्यांच्या भेटीला नाव ठेवल्यासारखे होईल. मला वाटते, न सांगितले तर आणखी चार महिन्यांनी त्यांची सगळी वसाहत जाईल आणि तुम्हाला आधीच माहीत होते हे त्यांना कधीतरी कळेलच. फोनवर सांगू नका. रविवारी बेळगावला जा, फोटो आणि लाल टॉर्च बरोबर न्या, आणि म्हणा, ‘काका, माझ्याकडे हे सापडले. तुमच्या टँकमध्येही आज रात्री एकदा बघू या का?’ कोणाकडून कोणाकडे गेले हा विषय तुम्ही काढू नका. ते स्वतः काढतील, आणि काढला तर त्यांना बोलू द्या. ज्यांनी तुम्हाला खारेपणा मोजायला शिकवले त्यांना अंड्याचे वेटोळे दाखवायची ही तुमची पाळी आहे. आणि इथून पुढे कोणाचाही दगड, अगदी त्यांचाही, घरात आला की आधी पाच-सहा आठवडे त्या चाळीस लिटरच्या टाकीत राहील, हे त्यांना त्याच भेटीत सांगून टाका, म्हणजे पुढच्या गणपतीला अवघडलेपण राहणार नाही.

पण काकांना भेटण्याआधी आणखी दोघांना सांगायचे आहे. कोल्हापूरच्या मित्राला आणि खानापूरच्या मुलाला तुम्ही तुकडे दिलेत ते दसऱ्यानंतर, म्हणजे झोआ मिटायला लागल्यावर. तेव्हा तुम्हाला कारण माहीत नव्हते, आता निम्मे माहीत आहे. चार रात्रींच्या निदानाची वाट पाहू नका, आजच फोन करा आणि ते तुकडे ताबडतोब वेगळ्या टाकीत काढायला सांगा. हातमोज्यांचे आणि गरम पाण्याचे तेवढे विसरू नका. कॉलेजातला मुलगा घाईत दगड बेसिनमध्ये घेऊन गिझरच्या नळाखाली धुईल, ही मला त्या गोगलगाईपेक्षा मोठी काळजी वाटते. त्याचा टँक लहान आणि नवा आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्याचे झोआ अजून एकाच प्लगवर असतील, तर त्याचे काम एका दुपारचे आहे.